समुद्राची शकावली

२०१९ची दिवाळी आम्ही आजोळी, निफाड तालुक्यात केली. केली म्हणजे पडवीत बसून पाऊस पाहिला. अरबी समुद्रात ‘क्यार’ नावाचं चक्रीवादळ घोंगावत होतं. ते आपल्या किनाऱ्यावर धडकलं नाही, पश्चिमेकडे निघून गेलं, पण पाऊस काही हटेना. त्या वर्षी मोसमी पाऊस राजस्थानातून परत फिरायलाच ९ ऑक्टोबर उजाडला होता. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका उशीर कधी झाला नव्हता. मामाच्या द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, बाग ऐन फुलोऱ्यात. पाडव्याच्या सकाळी मामा बागेतून आला, पायाचा चिखल न धुताच ओट्यावर बसला आणि म्हणाला, “डावणी आली. अर्धे घड गेल्यात जमा आहेत.”

आबा, म्हणजे माझे आजोबा, आत सुपारी कातरत होते. ते तिथूनच म्हणाले, “येतो असा पाऊस. पन्नास वर्षांतून एकदा येतोच.”

मामा भडकला. “पन्नास वर्षांतून एकदा येत असता तर मी बोललोच नसतो, आबा. आता दर दोन-चार वर्षांनी येतोय.”

वरवर बघता हे बापलेकांचं नेहमीचं भांडण होतं. पण त्याच्यामागे एक व्यवहार होता. मामाला बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन घालायचं होतं. खर्च एकरी लाखांत, म्हणजे बँकेचं कर्ज. असा पाऊस खरंच पन्नास वर्षांतून एकदा येणार असेल, तर त्याच्यासाठी कर्ज काढणं वेडेपणा. पाच वर्षांतून एकदा येणार असेल, तर न काढणं वेडेपणा. भांडण पावसावरून नव्हतं, एका आकड्यावरून होतं. आणि तो आकडा दोघांकडेही नव्हता. आबांकडे बहात्तरच्या दुष्काळापासूनच्या आठवणी होत्या, मामाकडे गेल्या दहा हंगामांचे घाव होते.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमच्याकडे मध्यरात्री सर्व्हर पडला की मीटिंगमध्ये अशीच भांडणं होतात. एक म्हणतो, हे आधीपासून होतंय. दुसरा म्हणतो, कालच्या बदलानंतर सुरू झालं. त्यावर आमचा एकच उपाय असतो: वाद थांबवा, लॉग उघडा. लॉग म्हणजे सिस्टिमनं स्वतःच क्षणाक्षणाला लिहून ठेवलेली नोंदवही. त्यात कुणाचं मत नसतं, फक्त वेळ आणि घटना असते.

मामा आणि आबांचं ऐकताना माझ्या डोक्यात तोच प्रश्न आला. या पावसाचा लॉग कुठे आहे?

चाळीस वर्षांची वही

२०१९च्या त्या लांबलेल्या पावसामागे एकच एक कारण नव्हतं, पण शास्त्रज्ञांनी एका गोष्टीकडे ठळकपणे बोट दाखवलं. तिचं नाव इंडियन ओशन डायपोल. हिंदी महासागर म्हणजे मोठी परात समजा. काही वर्षी तिची पश्चिम बाजू, म्हणजे आफ्रिकेकडची आणि अरबी समुद्राची, नेहमीपेक्षा तापते आणि पूर्वेकडची, सुमात्रा बेटाजवळची, थंड पडते. हा धन डायपोल. ढग गरम पाण्याकडे जमतात. पूर्व आफ्रिकेत पूर येतात, इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियात कोरडं पडतं. २०१९मध्ये नेमकं हेच झालं. पूर्व आफ्रिका पाण्याखाली, ऑस्ट्रेलियात वणवे आणि अरबी समुद्रात एकामागून एक वादळं. क्यार गेलं तोवर ‘महा’ आलं.

मग प्रश्न सोपा व्हायला हवा होता. असा टोकाचा डायपोल किती वर्षांनी येतो? पण इथेच गाडी अडते. या प्रकाराला नाव मिळालं तेच १९९९ साली, एन. एच. साजी आणि त्यांच्या जपानमधल्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला तेव्हा. उपग्रहांनी समुद्राचं तापमान नेमाने मोजायला सुरुवात केली ती १९८०च्या दशकात. त्याआधीच्या नोंदी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांनी बादलीनं पाणी वर ओढून, त्यात थर्मामीटर बुडवून लिहिलेले आकडे. जहाज ज्या वाटेनं गेलं तिथलाच आकडा, तोही जमेल तेव्हाचा.

चाळीस वर्षांच्या वहीतून ‘पन्नास वर्षांतून एकदा’ खरं की खोटं, हे कसं ठरवणार? त्यासाठी शेकडो वर्षांची वही हवी. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सुमात्राच्या किनाऱ्यावर रोज कुणी थर्मामीटर घेऊन बसलं नव्हतं.

माणूस बसला नव्हता. प्रवाळ बसलं होतं.

बखर नको, समकालीन कागद हवा

प्रवाळ म्हटलं की आपल्याला पोवळ्याची अंगठी आठवते. ते लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, वेगळ्या जातीचं. इथली गोष्ट आहे दगडी प्रवाळाची. उथळ, उबदार समुद्रात काही मिलिमीटरचे मऊ जीव हजारोंनी एकत्र राहतात. ते समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपल्याखाली चुनखडीचा सांगाडा बांधतात, आणि जुन्या सांगाड्यावर नवा थर चढवत वर सरकतात. जिवंत भाग म्हणजे वरची पातळ साय. खालचं सगळं मागे सोडलेलं घर.

‘पोराइट्स’ नावाच्या जातीचं प्रवाळ घुमटासारखं वाढतं, वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे तीन मीटर उंचीच्या घुमटाला सुमारे तीनशे वर्षं लागलेली असतात. त्याचा तळ तीन शतकांपूर्वीचा असू शकतो आणि माथा या वर्षीचा.

आपल्याकडे इतिहासाच्या साधनांवरून जुना वाद आहे. सभासदाची बखर वाचायला रसाळ, पण ती लिहिली गेली १६९७च्या सुमारास, शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी. म्हणून राजवाड्यांसारखे इतिहासकार गावोगाव फिरून समकालीन कागद शोधत राहिले: घटना घडत असताना लिहिलेलं पत्र, हिशेबाची फर्द. जेधे शकावली आपल्याला इतकी मोलाची वाटते ती तिच्या कोरडेपणामुळे. तिथी, घटना, पुढची तिथी. वर्णन नाही, कौतुक नाही. शिवजन्माच्या तारखेचा वाद सोडवताना याच कोरड्या नोंदीचा आधार घेतला गेला.

आबांची आठवण ही बखर आहे. मामाची तक्रारही बखरच. प्रवाळाचा थर मात्र त्या त्या ऋतूत, त्या त्या पाण्यातून घडलेला समकालीन कागद आहे. फक्त तो वाचायचा तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, प्रत्येक थराची तारीख कोणती. दोन, त्यात लिहिलंय काय.

बॉम्बनं मारलेला शिक्का

तारखेचा प्रश्न ज्या तऱ्हेनं सुटला, ती हकीकत ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते.

प्रवाळाचा उभा काप घेऊन त्याचा एक्स-रे काढला, अगदी आपल्या हाताचा काढतात तसा, तर त्यात फिकट आणि गडद पट्टे एकाआड एक दिसतात. कुठे चुनखडी दाट भरलेली, कुठे विरळ. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखेच. मग एक जोडी म्हणजे एक वर्ष, असं म्हणायचं का? म्हणायला सोपं, पण पुरावा? दोन वर्षांची एक जोडी असेल तर? पावसाळ्याऐवजी आणखी कशाचा पट्टा असेल तर?

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटांमध्ये एनिवेटॉक नावाचं कंकणाकृती प्रवाळबेट आहे. १९४७ साली अमेरिकेनं तिथल्या रहिवाशांना उठवून उजेलांग या दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवलं आणि १९४८ ते १९५८ या दहा वर्षांत तिथे ४३ अणुचाचण्या केल्या. १९५२च्या नोव्हेंबरातल्या पहिल्या हायड्रोजन बॉम्बनं तर एलुगेलाब नावाचं अख्खं बेट नकाशावरून पुसलं. या स्फोटांतून स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य पाण्यात पसरलं. स्ट्रॉन्शियम रसायनाच्या दृष्टीनं कॅल्शियमचं भावंड. प्रवाळ सांगाडा बांधताना कॅल्शियमसोबत थोडं स्ट्रॉन्शियमही उचलतं. त्यानं हेही उचललं.

पुढे नटसन, बडेमायर आणि स्मिथ या तीन शास्त्रज्ञांनी एनिवेटॉकच्या प्रवाळांचे काप फोटोच्या फिल्मवर ठेवले. किरणोत्सारी थरांनी फिल्मवर आपापल्या काळ्या रेघा उमटवल्या. स्फोट कोणत्या वर्षी झाले, हे सरकारी दप्तरात नोंदलेलं होतंच. फिल्मवरच्या रेघा आणि एक्स-रेमधले पट्टे शेजारी ठेवून त्यांनी मोजदाद केली. फिकट-गडद पट्ट्यांची एक जोडी म्हणजे बरोबर एक वर्ष. १९७२ साली ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

आमच्या भाषेत सांगायचं तर, कुणीतरी चालू लॉगमध्ये ठरावीक वेळी मोठ्या अक्षरात खुणा टाकून ठेवल्या आणि नंतर त्या खुणांवरून घड्याळ तपासलं गेलं. फक्त या खुणा टाकण्यासाठी माणसांना गाव सोडावं लागलं होतं. एनिवेटॉकच्या लोकांना परतायला १९८० साल उजाडलं. प्रवाळाच्या सांगाड्यात त्या दशकाची नोंद मात्र जागच्या जागी राहिली.

दगडात मुरलेलं तापमान

आता दुसरा प्रश्न. थरात लिहिलंय काय?

पाण्यातल्या ऑक्सिजनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक हलके, ऑक्सिजन-१६. थोडे जड, ऑक्सिजन-१८. चुनखडी थंड पाण्यात तयार झाली तर तिच्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण किंचित वाढतं, उबदार पाण्यात किंचित घटतं. तापमानाच्या एका अंशामागे फरक पडतो दहा हजारांत दोन भाग, इतका बारीक. पण आजची यंत्रं तो मोजतात. या विचाराचा पाया हॅरल्ड युरी या रसायनशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात घातला.

प्रत्यक्ष काम असं चालतं. पाणबुडे जिवंत प्रवाळाच्या माथ्यावरून खाली ड्रिल करून मनगटाएवढ्या जाडीचा लांब दांडा काढतात. भोक सिमेंटनं बुजवतात, म्हणजे वरची जिवंत साय पुन्हा त्याच्यावर पसरते. दांड्याचे पातळ काप करायचे, एक्स-रे काढायचा, आणि दाताच्या डॉक्टरकडे असते तशा बारीक ड्रिलनं मिलिमीटर-मिलिमीटरवर चिमूटभर पूड खरवडायची. वर्षाला एक सेंटिमीटर वाढ, त्यात दहा-बारा चिमट्या. म्हणजे जवळपास महिन्याला एक नोंद.

यात एक खोच आहे. जड ऑक्सिजनचं प्रमाण तापमानानं बदलतं तसं पाऊस आणि बाष्पीभवनानंही बदलतं. पाऊस जास्त झाला तर समुद्राच्या वरच्या पाण्यात हलका ऑक्सिजन वाढतो. म्हणजे समीकरण एक आणि अज्ञात दोन. शाळेतलं गणित आठवा: दुसरं समीकरण लागणार. ते पुरवतं पुन्हा स्ट्रॉन्शियमच, या वेळी बॉम्बचं नाही, समुद्रात मुळातच असलेलं. थंड पाण्यात प्रवाळ कॅल्शियमच्या तुलनेत जास्त स्ट्रॉन्शियम उचलतं, आणि पावसाचा या प्रमाणावर फारसा परिणाम होत नाही. दोन्ही मोजली की तापमान वेगळं काढता येतं आणि पाऊस वेगळा.

पूर आधीही येत होते

मामा आणि आबांच्या वादासारखाच एक वाद प्रवाळानं ऑस्ट्रेलियात सोडवला आहे, म्हणून तिकडे थोडं वळू.

क्वीन्सलंडमधली बर्डेकिन नदी मोठ्या पावसात दुथडी वाहते आणि तिचं गढूळ पाणी ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत पोचतं. १९८४ साली पीटर इस्डेल यांनी दाखवलं की तिथल्या प्रवाळाचा काप अतिनील प्रकाशात धरला तर काही पट्टे चमकतात, आणि ते पट्टे पावसाळ्यातल्या पुरांशी जुळतात. म्हणजे शतकांपूर्वीचे पूर मोजता आले. पूर नवे नव्हते. इथवर आबा बरोबर.

मग २००३ साली माल्कम मॅककलक आणि सहकाऱ्यांनी हॅवना रीफवरच्या प्रवाळातलं बेरियम मोजलं. नदीच्या गाळाला चिकटून आलेलं बेरियम खाऱ्या पाण्यात सुटतं आणि प्रवाळ ते सांगाड्यात घेतं. त्यामुळे बेरियम जास्त म्हणजे गाळ जास्त. नोंद सुरू होते १७५०च्या सुमारास. पहिली शंभरएक वर्षं पूर येतात आणि जातात, बेरियम फारसं हलत नाही. १८७०च्या सुमारास युरोपीय वसाहतवाले नदीच्या खोऱ्यात गुरंमेंढरं घेऊन आले, कुरणं ओरबाडली गेली, माती उघडी पडली. तिथून पुढे पुराबरोबर येणारा गाळ पाच ते दहा पटींनी वाढलेला दिसतो.

त्या काळच्या कुठल्याही सरकारी दप्तरात ‘आज आम्ही एवढी माती समुद्रात घालवली’ अशी नोंद कुणी केली नव्हती. करणारही नव्हतं. ती नोंद ज्याला त्यातलं काही सांगायचं नव्हतं त्यानं केली. आणि तिचा अर्थ असा की ‘पूर आधीही येत होते’ हे वाक्य खरं असूनही अपुरं असू शकतं.

१६७५

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धन डायपोलमध्ये हिंदी महासागराची पूर्व कड थंड पडते, ती सुमात्राच्या पश्चिमेला. तिथेच मेंतावाई नावाची बेटं आहेत. डायपोल आला की तिथे पाणी गार होतं आणि पाऊसही घटतो. दोन्हींमुळे प्रवाळातलं जड ऑक्सिजन वाढतंच. मघाशी म्हटलेली दोन अज्ञातं इथे एकमेकांना खोडत नाहीत, उलट एकाच दिशेनं ढकलतात. त्यामुळे डायपोलची नोंद इथल्या प्रवाळात अगदी ठसठशीत उमटते.

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या नेरिली एब्रम यांनी वर्षानुवर्षं या बेटांवर काम केलं. जिवंत प्रवाळांबरोबर त्यांनी जुनी, मेलेली प्रवाळंही घेतली. सुमात्राजवळ भूकंप सतत होतात आणि काही वेळा समुद्राचा तळच उचलला जाऊन प्रवाळ पाण्याबाहेर येतं, मरतं, पण सांगाडा तसाच राहतो. अशा सुट्या पानाची तारीख कशी काढायची? समुद्राच्या पाण्यात युरेनियम विरघळलेलं असतं, थोरियम जवळजवळ नसतं. जिवंत प्रवाळ युरेनियम घेतं. पुढे त्याचा ठरावीक वेगानं क्षय होऊन सांगाड्यात थोरियम साठत जातं. दोन्हींचं गुणोत्तर मोजलं की प्रवाळाचं वय मिळतं, तेही काही वर्षांच्या फरकानं.

अशी सुटी पानं जुळवून एब्रम आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ‘नेचर’मध्ये सन १२४० पासूनचा हिशेब मांडला. वही सलग नाही, मधली काही पानं गहाळ आहेत. पण जी वाचता आली त्यांत टोकाचे धन डायपोल सापडले फक्त दहा. आणि त्या दहांतले चार गेल्या साठ वर्षांतले आहेत. १९९७ आणि २०१९ त्यांतलेच.

हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मामाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. दर दोन-चार वर्षांनी नाही, पण वारंवारता वाढली आहे हे त्याचं म्हणणं खरं निघालं.

पण त्याच लेखात आणखी एक आकडा आहे. उपकरणांनी मोजलेल्या डायपोलांत सगळ्यात जोरदार होता १९९७चा. प्रवाळाच्या वहीत त्याहूनही मोठा एक सापडला, २७ ते ४२ टक्क्यांनी मोठा. वर्ष १६७५. रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या पुढच्याच वर्षीची ही गोष्ट. तेव्हा कारखाने नव्हते, कोळशाची वीज नव्हती, हवेतला कार्बन डायऑक्साइड आपण वाढवलेला नव्हता. समुद्रानं स्वतःच्या लहरीनं तेवढी मोठी उलथापालथ केली होती.

म्हणजे आबाही खरे. ‘येतो असा’ हे बरोबरच आहे. समुद्राच्या अंगी ती ताकद आधीपासून आहे. बदललं आहे ते तिचं आवर्तन. आणि या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की धीर येण्याऐवजी धाकधूक वाढते. १६७५ सालचा तडाखा हा समुद्राच्या आवाक्यातला आहे आणि टोकाचे तडाखे आता जवळजवळ येऊ लागले आहेत. १९९७पेक्षा मोठा डायपोल पुन्हा यायला काहीही नवं घडायची गरज नाही.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. मेंतावाईचं प्रवाळ मेंतावाईच्या समुद्राचं सांगतं, निफाडच्या रानाचं नाही. आपल्या पावसात डायपोलबरोबर एल निनो आहे, अरबी समुद्राचं स्वतःचं तापणंही आहे. पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवून दिलं की हिंदी महासागराचा पश्चिम भाग उन्हाळ्याच्या महिन्यांत शतकभरात १.२ अंशांपर्यंत तापला आहे. प्रवाळ या सगळ्या साखळीतला एक दुवा तपासून देतं. पण तोच दुवा असा होता की जिथे आपल्या हातात चाळीस वर्षांपलीकडे काहीच नव्हतं.

लिहिणारा हात थांबतो तेव्हा

१९९७च्या डायपोलनं मेंतावाईत आणखी एक गोष्ट केली. पाऊस न आल्यानं इंडोनेशियातली जंगलं पेटली. धुराबरोबर लोह समुद्रावर पसरलं. खालून वर आलेल्या गार पाण्यात खत होतंच, त्यात लोहाची भर पडली. सूक्ष्म शैवालाचा प्रचंड उद्रेक झाला, पाणी लाल झालं, त्यातला प्राणवायू संपला. सुमारे ४०० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यातली प्रवाळं आणि मासे गुदमरून मेले. एब्रम यांनीच २००३ साली ‘सायन्स’मध्ये याचा माग काढला.

म्हणजे ज्या वहीतून आपण डायपोल वाचले, तिची पानं लिहिणारे हात त्यांतल्याच एका मोठ्या डायपोलमध्ये गेले. सर्व्हर जळतानाच लॉग लिहायचा थांबावा तसं. आमच्या कामात याला उपाय असतो. लॉगची प्रत दुसऱ्या शहरात ठेवायची. प्रवाळाची प्रत नसते.

आता तर मारेकरी दुसरा आहे. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एखादाच अंश जास्त गरम राहिलं, की प्रवाळ आपल्या पेशींतलं शैवाल बाहेर टाकतं. त्या शैवालावरच त्याचं पोट चालतं आणि रंगही त्याचाच. ते गेलं की पांढरं पडतं आणि फार काळ तसंच राहिलं तर मरतं. २०२४च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’नं जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानं प्रवाळांच्याच आधारे १६१८पासूनचं कोरल समुद्राचं तापमान उभं केलं. चारशे वर्षांत २०२४चा जानेवारी ते मार्च हा काळ सगळ्यात उष्ण निघाला. साक्षीदारानं आपल्याच आजाराचा तक्ता लिहून दिला.

हे सगळं दूरच्या समुद्रात चाललंय असं नाही. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१० आणि २०१६ साली पांढरी पडली, आणि २०२४ सालीही. कच्छच्या आखातातल्या एका प्रवाळाचे १९४८ ते १९८९ पर्यंतचे थर अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या शास्त्रज्ञांनी वाचले आहेत. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहे. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात, पाण्याखालच्या पठारावर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणाऱ्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळ आहे. आपण जुनी पत्रं वाळवीपासून वाचवायला दप्तरखाने बांधले. ही दप्तरं उघड्या, तापत्या पाण्यात पडून आहेत.

पुन्हा ओट्यावर

पुढे कधीतरी मी आजोळी गेले तेव्हा हे सगळं फोनवर आकृत्या दाखवून दोघांनाही सांगितलं. मला वाटलं होतं वाद मिटेल. मामानं मधेच विचारलं, “दहांतले चार म्हणतेस. मग पुढचा कधी?” ते प्रवाळाला सांगता येत नाही, म्हटलं. ते मागचं सांगतं. मामा हसला. “म्हणजे आमच्यासारखंच.”

आबांना १६७५चं नवल वाटलं. “महाराजांच्या वेळचा पाऊस दगडात राहतो होय?” त्यांनी दोनदा विचारलं. पाऊस नाही, समुद्राचं पाणी, असं मी दोनदा सांगितलं. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सुपारी कातरून झाल्यावर म्हणाले, “मोठा एकदा येऊन गेला म्हणून परत येत नाही असं थोडंच आहे. एक एकर झाक.”

मामानं त्या वर्षी एका एकरावर आच्छादन घातलं. सगळ्या बागेवर घालण्याएवढं कर्ज त्याला झेपणार नव्हतं. उरलेली बाग अजून उघडी आहे.